डोक्यात चिप बसवताय, पण एएमसीचं काय?

आमच्या बायोमेडिकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून तोच व्हिडिओ फिरत येतो, कुणीतरी माणूस खुर्चीत हात न हलवता बसलाय आणि स्क्रीनवर कर्सर आपोआप पळतोय, खाली संगीत, आणि मग सगळे टाळ्यांचे इमोजी टाकतात. मीपण टाकतो. पण मी हॉस्पिटलची मशिनं सांभाळणारा माणूस, त्यामुळे कुठलंही नवीन यंत्र बघितलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न एएमसीचा, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचा, येतो की याची सर्व्हिस कोण देणार, पार्ट किती वर्षं मिळणार, आणि कंपनी उद्या गाशा गुंडाळून गेली तर आम्ही कुणाला फोन करायचा. मनाने चालणारी यंत्रं बनवणाऱ्या स्टार्टअपवाल्यांना हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही, म्हणून ही एवढी लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. 'विचारांवर चालतं' म्हणून जे जे विकलं जातं त्यातलं बरंचसं विचारांवर चालतच नाही. आमच्याकडे ईईजीला, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूचे विजेचे सिग्नल टिपायच्या तपासणीला, पेशंट येणार असला की आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, डोक्याला तेल लावू नका, शाम्पू करून या. तरी निम्मे जण चपचपीत तेल थापूनच येतात. मग टेक्निशियन ताई एकेक केस बाजूला करून कातडी घासणार, पेस्ट लावणार, एकवीस वायरी एकेक करून चिकटवणार, पेशंटला सांगणार डोळे मिटा, हलू नका, दात आवळू नका. का? कारण मेंदूतून कवटीबाहेर येणारा सिग्नल साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा. ईसीजीचा सिग्नल एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या दहापट ते शंभरपट मोठा. पेशंटने नुसती पापणी मिटली तरी आलेखात हा एवढा डोंगर उभा राहतो, आणि दात आवळले की सगळं पान काळं. शेजारी कुणी मोबाईलचा चार्जर लावला की घरगुती विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण आलेखात सुरू. हे सगळं बंद खोलीत, पाठीवर झोपलेल्या माणसावर. आणि इकडे एक पट्टी कपाळाला लावून, घामाघूम, हलत्या माणसाला ॲप सांगतं, तुमचं लक्ष ब्याऐंशी टक्के आहे! अहो, ते लक्ष किती मेंदूचं आणि किती कपाळाच्या आठ्यांचं, ते देवच जाणे.

हे काही आजचं नाही. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गरने माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये काढला, म्हणजे तंत्र शंभर वर्षं जुनं. २००९ मध्ये मॅटेल कंपनीने माइंडफ्लेक्स नावाचं खेळणंच बाजारात आणलं होतं, आत न्यूरोस्काय नावाच्या कंपनीची चिप, डोक्याला पट्टी लावायची आणि 'लक्ष केंद्रित' करून फॅनच्या हवेवरचा बॉल वर-खाली करायचा. त्याच वर्षी इमोटिव्ह कंपनीचा चौदा सेन्सरचा, ईईजी टिपणारा हेडसेट आला. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी नवी कंपनी नवा हेडबँड घेऊन येते, आणि भाषण तेच असतं.

त्यापेक्षा मला हातावरचे पट्टे बनवणारी मंडळी जास्त प्रामाणिक वाटतात. स्नायूचा सिग्नल दणदणीत असतो, तो पकडायला कवटी आड येत नाही. कॅनडातल्या वॉटर्लूच्या थॅल्मिक लॅब्जने मायो नावाचा पट्टा काढला होता, कोपराच्या खाली बांधायचा, आठ सेन्सर, मूठ वळली की स्लाइड पुढे. भारी प्रकरण होतं, आमच्याकडची इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा प्रोजेक्टसाठी मागवायची. २०१८ मध्ये बंद. कंपनीने नाव बदललं, स्मार्ट चष्म्याच्या मागे लागली आणि २०२० मध्ये गूगलने ती गिळली. मायोची पेटंटं मात्र २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कंट्रोल लॅब्जने घेतली, जिचा एक संस्थापक थॉमस रिअर्डन, म्हणजे मायक्रोसॉफ्टमध्ये इंटरनेट एक्स्प्लोररचं काम ज्याने सुरू केलं तो. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेसबुकने कंट्रोल लॅब्जच विकत घेतली. त्यातून निघालेला मनगटाचा पट्टा सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकनेच, स्मार्ट चष्म्यासोबत ७९९ डॉलरला अमेरिकेत विकायला काढला, बोटं जराशी हलवली तरी त्याला कळतं. म्हणजे बघा, आयडिया जिवंत राहिली, पण ज्याने मूळ पट्टा घेतला होता त्याच्या हातात काय राहिलं? प्लास्टिकची आठ तुकड्यांची बांगडी. ठीक आहे, दोनशे डॉलर गेले, माणूस शिव्या घालतो आणि विसरतो.

पण यंत्र शरीराच्या आत असेल तर?

इथे मला आधी मनापासून हे सांगायचंय की आतल्या यंत्रांचं काम खरंच अचाट आहे, मी त्याची टिंगल करत नाहीये. ब्रेनगेट नावाच्या अमेरिकेतल्या संशोधन प्रोजेक्टमध्ये २०११ साली पक्षाघाताने जखडलेल्या एका बाईने नुसत्या विचाराने रोबोटचा हात हलवून कॉफीचा थर्मास तोंडाशी आणला आणि जवळजवळ पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून घोट घेतला, त्यानंतरचं तिचं हसू ज्याने बघितलंय तो विसरणार नाही. कॅलिफोर्नियात यूसी डेव्हिसवाल्यांनी एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार) झालेल्या माणसाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड, म्हणजे सिग्नल टिपणारी बारीक टोकं, बसवून त्याचं बोलणं ९७ टक्क्यांपर्यंत अचूक परत मिळवून दिलं, तेही कॉम्प्युटरकडून त्याच्याच जुन्या आवाजात वदवून, २०२४ मध्ये छापून आलंय. इलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाला चिप बसवली, नोलंड आर्बॉ, पोहताना अपघात होऊन मानेखाली हालचाल गेलेला, तो त्यावर बुद्धिबळ खेळतो, रात्र रात्र गेम खेळतो. केसापेक्षा बारीक ६४ धागे, त्यावर १०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले, मग कंपनीने सॉफ्टवेअर बदलून गाडी रुळावर आणली. सिंक्रॉन नावाच्या कंपनीवाले तर कवटी उघडतच नाहीत, मानेच्या शिरेतून स्टेंटसारखी जाळी मेंदूच्या रक्तवाहिनीत नेऊन ठेवतात, फक्त सोळा इलेक्ट्रोड, वेग कमी पण जोखीमही कमी. मला विचाराल तर माझं मत सिंक्रॉनला, कारण अँजिओप्लास्टी करणारे हात जगभर आहेत आणि मेंदू उघडणारे फार थोडे.

आता सेकंड साइटची गोष्ट ऐका. कॅलिफोर्नियाची कंपनी, आर्गस टू नावाचं यंत्र, डोळ्याच्या पडद्यावर साठ इलेक्ट्रोड, चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा डबा. अंधाला पूर्ण दिसत नाही पण दाराची चौकट, समोरून येणारा माणूस, असं ठिपक्या-ठिपक्यांत कळतं. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता, किंमत साधारण दीड लाख डॉलर, ऑपरेशन वेगळं. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीने हे मॉडेल बंद केलं आणि मार्च २०२० मध्ये बहुतेक स्टाफ काढून टाकला. पेशंटना धड कळवलंही नाही. २०२२ मध्ये एका अमेरिकन मासिकाने हे सगळं बाहेर काढलं तेव्हा जगाला कळलं की लोक जुने डबे जपून वापरतायत, एकमेकांकडून सुटे भाग मागतायत, आणि एकाला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर डोळ्यातल्या यंत्रासह एमआरआय चालेल का हे विचारायला कंपनीत फोन उचलणारं कुणी नव्हतं.

ऑस्ट्रेलियात त्याहून वाईट झालं. न्यूरोव्हिस्टा नावाच्या कंपनीने फिट येण्याआधी इशारा देणारं यंत्र काही पेशंटच्या मेंदूवर बसवलं होतं, २०१० च्या सुमाराची ट्रायल. एका बाईचं आयुष्यच त्याने बदललं, ती एकटी बाहेर पडायला लागली, गाडी चालवायला लागली. कंपनीचे पैसे संपले. यंत्र काढावं लागेल म्हणाले. तिने आणि नवऱ्याने घर गहाण ठेवून ते विकत घ्यायची तयारी दाखवली, तरी उपयोग झाला नाही, काढलं. शेवटपर्यंत नको म्हणत होती ती. नंतर मुलाखतीत म्हणाली की माझा एक भागच गेला.

हे वाचलं तेव्हा मला आमची एक जुनी मशीन आठवली, कंपनीचं नाव घेत नाही, पण तिचं सॉफ्टवेअर एका यूएसबी डोंगलवर (लायसनची चावी असते तो पेनड्राइव्हसारखा तुकडा) चालायचं आणि ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतल्यावर नवीन मालक म्हणाले, हे मॉडेल आमच्या लिस्टमध्ये नाही. एंड ऑफ सपोर्ट. मशीन ठणठणीत, डोंगल मेलेलं! शेवटी भंगारात काढून नवीन घेतली, मॅनेजमेंटने चार शब्द सुनावले ते मला. हॉस्पिटलला निदान नवीन घेता येते. पेशंटने कवटी परत परत उघडायची का?

दुसरा मुद्दा डेटाचा. चीनमध्ये चिनहुआ इथल्या एका प्राथमिक शाळेत २०१९ मध्ये ब्रेनको नावाच्या कंपनीच्या ईईजी पट्ट्या मुलांच्या डोक्याला लावल्या होत्या, कपाळावरचा लाल दिवा म्हणजे पोरगं लक्ष देतंय, निळा म्हणजे भटकतंय, आणि रिपोर्ट बाईंना आणि पालकांनाही. व्हिडिओ व्हायरल झाल्यावर तिथल्याच लोकांनी आरडाओरडा केला आणि ते थांबवलं. ही ब्रेनको आता हांगचौच्या नावाजलेल्या कंपन्यांत गणली जाते, कृत्रिम हातही चांगले बनवते म्हणे. पण मी एक सांगतो, ही पट्टी जरा स्वस्त होऊ दे, लातूरपासून नाशिकपर्यंत एकेक क्लासवाला 'ब्रेन मॉनिटर्ड बॅच' काढणार, फी वीस हजार जास्त, आणि आपणच रांग लावणार.

आणि आपल्याकडे तर हे आधी होऊन गेलंय, शाळेत नाही, कोर्टात. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली, त्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेली ब्रेन मॅपिंगची चाचणी पुरावा म्हणून धरली होती, की वाक्यं ऐकवली तेव्हा मेंदूने 'अनुभवातली आठवण' दाखवली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला. पुढे तिला हायकोर्टातून जामीन मिळाला. ५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी खटल्यात सांगितलं, नार्को असो, पॉलिग्राफ असो की ब्रेन मॅपिंग, माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. म्हणजे पोलिसांपासून संरक्षण आहे. पण ॲपमध्ये आपण स्वतःच 'आय ॲग्री' दाबलं तर? आपला २०२३ चा डेटा कायदा मेंदूच्या सिग्नलसाठी वेगळं खास काही सांगत नाही, सगळ्या पर्सनल डेटाला एकच माप. चिलीने २०२१ मध्ये थेट राज्यघटनेत मेंदूच्या माहितीचं संरक्षण घातलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने इमोटिव्हला एका माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला. एवढासा देश!

कुणी म्हणेल भारतात कुठे हे सगळं. आहे की. २०२५ च्या शेवटी झोमॅटोवाल्या दीपिंदर गोयलनी कानशिलावर चिकटवायचं टेम्पल नावाचं यंत्र जाहीर केलं, मेंदूचा रक्तप्रवाह मोजतं म्हणे, डॉक्टर मंडळी लगेच तुटून पडली. मला वाटतं त्यांचं तुटून पडणं बरोबरच होतं, आधी शोधनिबंध दाखवा मग पॉडकास्ट. स्वस्त घड्याळांचं तर विचारूच नका, मागे दुपारी निवांत असताना आम्ही डिपार्टमेंटमध्ये एका पोराचं घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधलं आणि टॉवेलचा पल्स ७८ आला. हिरवा लाईट परत येतोय एवढंच त्याला कळतं, पुढचा आकडा सॉफ्टवेअर ठोकून देतं. सिस्टर म्हणाली, याला ॲडमिट करून घ्या. याउलट दिल्लीचे अपसाइड डाउन लॅब्जवाले बायोॲम्प नावाचा छोटासा बोर्ड बनवतात, स्नायू, हृदय, मेंदू, सगळ्याचे सिग्नल पकडतो, आणि त्याचं डिझाईन उघडं ठेवलंय. कंपनी उद्या नसली तरी कुणीही तो बोर्ड परत बनवू शकतो. मला असली कामं आवडतात, गाजावाजा कमी आणि सर्किट डायग्राम समोर.

माझं म्हणणं कुणी असं घेऊ नका की स्टार्टअप नकोत. मोठ्या कंपन्या असल्या फंदात पडत नाहीत, पहिली उडी छोटेच मारतात. पण शरीरात बसणाऱ्या यंत्राला मान्यता देताना सरकारने कंपनीकडून काही पैसे आधीच बाजूला ठेवून घ्यावेत, यंत्र काढायचा किंवा पुढची दहा वर्षं चालू ठेवायचा खर्च म्हणून, आणि सॉफ्टवेअरची एक प्रत तिसऱ्याकडे ठेवावी, कंपनी बुडाली की उघडायची. आपल्याकडे २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम आहेत, त्यातच घालता येईल.

लगेच कुणीतरी म्हणेल, असल्या अटी घातल्या तर इनोव्हेशन मरेल. पेसमेकरचं बघा मग. पेसमेकरच्या वायरीचं टोक आणि डब्याचं भोक कसं असावं याचं स्टँडर्ड जगभरच्या कंपन्यांनी मिळून कधीच ठरवलंय, आयएस-वन म्हणतात त्याला. त्यामुळे एका कंपनीची हृदयातली जुनी वायर तशीच ठेवून दुसऱ्या कंपनीचा डबा जोडता येतो. प्रोग्रॅमर, म्हणजे पेसमेकरची सेटिंग बदलायचं यंत्र, अजूनही प्रत्येक कंपनीचं वेगळं, ती कटकट आहेच, पण पेशंट अडकत नाही. पेसमेकरचा धंदा काही बुडाला नाही त्याने, उलट वाढला. मेंदूवाल्यांकडे असं सामायिक काहीच नाही, प्रत्येकाचा धागा वेगळा, प्लग वेगळा, ॲप वेगळं. कुणी या स्टार्टअपमध्ये काम करत असेल, किंवा कुणाचा मुलगा-मुलगी तिकडे अमेरिकेत असेल, तर हा प्लगचा विषय त्यांच्या मीटिंगमध्ये निघतो का तेवढं विचारून सांगा.