शेगडीबाईंचा चौथरा

बिडाची जुनी शेगडी घरात आली की येणारा-जाणारा तिची नक्षी बघतो, दार बघतो. पायांखाली काय आहे, हे कुणी विचारत नाही. माझं मात्र हल्ली सगळं लक्ष तिच्या पायांशी. एवढं मी कुठल्या देवाच्या पायांशीही दिलेलं नाही.

कारण खाली लाकडी जमीन आहे.

"चार टाइल्स टाकू की," मिस्त्री म्हणाले. "टाइल कधी जळलेली बघितलीत का, साहेब?"

नाही बघितली. टाइल जळत नाहीच. ती उष्णता निमूटपणे खालच्या फळीला देते आणि स्वतः नामानिराळी राहते. फळीही लगेच पेटत नाही. आतल्या आत भाजत, काळवंडत जाते, आणि असं भाजून निघालेलं लाकूड पुढे नेहमीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. हे ऐकून मिस्त्रींनी काळजीनं पाहिलं. शेगडीकडे नव्हे, माझ्याकडे.

एनएफपीए २११ हे शेगड्या-धुराड्यांच्या अग्निसुरक्षेचं अमेरिकी मानक आधी पायांची उंची विचारतं. २ इंचांहून कमी असेल तर लाकडी जमिनीचं नावच काढू नका. २ ते ६ इंच असेल तर खाली ४ इंची पोकळ ब्लॉक, वर जाड पत्रा. आमच्या बाईंचे पाय ४ इंच, तेही मी जमिनीला गाल टेकवून मोजलेले. ब्लॉक असे मांडायचे की भोकाला भोक जुळून हवा आरपार खेळेल. दारापुढे १८ इंच जागा जास्तीची, निखारा बाहेर उडाला तर चौथऱ्यावरच पडावा म्हणून. त्या १८ इंचांवर घरातल्या प्रत्येकाची करंगळी एकेकदा आपटून झाली आहे.

ब्लॉक लागले. मिस्त्रींना भोकं बघवेनात.

"बुजवून देतो. फिनिशिंग येईल."

"हवा खेळायला हवी, मिस्त्री."

"उंदीर खेळतील."

थापी त्यांच्या हातून काढून घेईपर्यंत एक भोक गेलंच होतं. ते मी स्क्रू-ड्रायव्हरनं कोरून पुन्हा मोकळं केलं.

मग बाईंना उचलणं. बीड वजनाला भक्कम, पण आपटलं की तडकतं, त्यामुळे शेजारीपाजारी बोलावले. प्रत्येकाचं "हं, उचला" वेगवेगळ्या वेळी. अखेर बाई चौथऱ्यावर चढल्या आणि डुगडुगल्या. पाणसळीतला बुडबुडा एका कोपऱ्यात जाऊन बसला.

मी पत्र्याचा तुकडा शोधायला आत गेलो. परत येतो तर शेजारच्या काकांनी वर्तमानपत्राची घडी करून शेगडीच्या पायाखाली छान सरकवलेली.

"बघ, हलतेय का आता?"