फियाटच्या मागच्या ॲक्सलला बैलगाडी म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जुन्या फियाटवाल्यांच्यात सध्या एक मेसेज फिरतोय, मला तीन जणांनी पाठवला, त्यात आमचा मावसभाऊ पण. मजकूर साधारण असा: मागचा सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच सलग दांडा) म्हणजे बैलगाडी, तो उपटून इंडिपेंडंट (प्रत्येक चाक वेगळं हलणारं सस्पेन्शन) बसवा, गाडी जितकी खाली आणि कडक तितकी पकड, आर्मसाठी (चाक-ॲक्सल धरणाऱ्या दांड्यांसाठी) जाड पाइप आणि चांगला वेल्डर असला की 2 दिवसांत काम, आणि मागे अलाइनमेंट लागतच नाही. इंदूरला सांवेर रोडच्या शेडमधे मी रोज हेच पाइप कापतो, म्हणून लिहितोय.

बैलगाडी म्हणे. एखादं कोब्रा मॉडेल सोडलं तर मस्टँगच्या मागे 2014 पर्यंत सॉलिड ॲक्सलच होता, ड्रिफ्टवाल्यांची लाडकी टोयोटा एई 86 पण त्याच्यावरच नाचते. पद्मिनीत, म्हणजे आपल्या जुन्या फियाटमधे, त्रास ॲक्सलचा नाही, लीफ स्प्रिंगच्या पट्टीचा आहे. तीच पट्टी वजन उचलणार, तीच ॲक्सल धरून ठेवणार, आणि पुढे दमदार इंजिन टाकून क्लच सोडला की पट्टी एस सारखी मुरडते न ॲक्सल थडथड उडतो. त्याला इलाज फोर लिंक (ॲक्सल पुढे-मागे धरणारे चार आर्म), कॉइल स्प्रिंग आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा). इंडिपेंडंटचा फायदा खोटा नाही, डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) वजन चाकाबरोबर उड्या मारत नाही, पण मग तो डिफ टांगायला सबफ्रेम, म्हणजे वेगळा सांगाडा पाहिजे, तिथून चाकापर्यंत हाफ शाफ्ट, त्यांना वाकणारे सीव्ही जॉइंट पाहिजेत, आणि पद्मिनीला वेगळी चासी नाहीच, सगळा भार फ्लोअरच्या पत्र्यावर, तोही बहुतेक गाड्यांत गंजलेला.

खाली आणि कडक, यात अर्धं खरं आहे म्हणून जास्त घातक. गाडी 50 एमएम खाली बसवली की ॲक्सलला वर जायला जागा तेवढीच कमी राहते, भेरूघाटाच्या वळणात खड्डा आला की ॲक्सल बंप स्टॉपवर (वरच्या रबरी ठोकळ्यावर) आपटतो, त्या क्षणी स्प्रिंग म्हणजे लोखंडाचा ठोकळा, आणि मागचा भाग सरळ बाहेर. कडकपणाचं गणित पण कोणी करत नाही. 8 वेढ्यांची स्प्रिंग कापून 7 ची केली की ती 14 टक्के कडक होते, पण तीच ॲक्सलवरून काढून खालच्या आर्मच्या मध्यावर बसवली तर चाकाला तिची ताकद अर्धी नाही, चौथाई लागते, कारण तिथे अर्ध्याचा वर्ग होतो. म्हणजे कापून कडक केली म्हणणारा ती मऊ करून बसलेला असतो! आणि गॅसने तापवून स्प्रिंग बसवणाऱ्यांबद्दल काय बोलायचं, पोलादाचं पाणी (टेंपर) उतरलं की ती दबतच जाते.

आता वेल्डर. माझीच पहिली गाडी सांगतो. पाइप 4 एमएम जाडीचा, शिवण बघण्यासारखी, पण पॅनहार्डचा ब्रॅकेट मी एकाच पट्टीचा केला, बोल्ट एका बाजूनेच धरलेला. महूहून परत येताना मागून टक टक. खाली शिरून बघतो तर पाइपला काही नाही, ब्रॅकेटच्या शिवणीच्या कडेला रंगावर केसाएवढी गंजाची तांबडी रेघ, पाना लावला तर बोल्ट केळ्यासारखा वाकलेला. तेव्हापासून प्रत्येक बोल्ट दोन पट्ट्यांच्या मधे, आणि पत्र्यावर ब्रॅकेट लावायच्या आधी हाताएवढी प्लेट. पाइप क्वचितच तुटतो हो, तुटते ती जिथे तो धरलाय ती जागा.

2 दिवसांत टॅक होतं, म्हणजे वेल्डिंगचे नुसते टिपके लागतात, बस. नंतर स्प्रिंग न लावता ॲक्सल जॅकने पूर्ण वर, पूर्ण खाली नेऊन बघायचं काय कुठे घासतंय. पॅनहार्ड 900 एमएमचा असला तर 50 एमएम हालचालीत ॲक्सल दीड एमएमहून कमी सरकतो, 500 चा असला तर अडीच, म्हणून तो लांब आणि गाडी उभी असताना आडवा पाहिजे. पीथमपूरला बाहाला (कॉलेजांच्या बग्गी स्पर्धेला) येणारी कॉलेजची पोरं कितीतरी महिने एका बग्गीवर घालवतात, ती काय येडी आहेत?

अलाइनमेंट म्हणाल तर टो, म्हणजे चाकांचं तोंड आत-बाहेर किती, तो ॲक्सलच्या हाउसिंगमधेच ठरलेला असतो, कबूल, पण एका बाजूचा आर्म 3 एमएम लांब झाला की ॲक्सल तिरका बसतो न गाडी खेकड्यासारखी चालते. दोन्ही मडगार्डच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडा, टायरच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, दहा मिनिटांचं काम आहे.

कागदाचं वेगळंच, गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि एकेका बदलाला 5000 दंड, त्यामुळे असली गाडी ट्रॅकपुरतीच धरा. मावसभावाला रविवारी शेडवर बोलावलंय, म्हटलं इंडिपेंडंटचं नंतर बघू, आधी तुझ्या फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचून बघतो आरपार जातो का.