गव्हाचं पाणी

जावई काय घेऊन येतील याचा नेम नसतो. मागच्या दिवाळीला आमच्या जावईबापूंनी तेलाशिवाय तळायचं यंत्र आणलं होतं; त्यात आता लसूण ठेवतात. या डिसेंबरात ते पुण्याहून आले आणि जेवणं झाल्यावर मला ओसरीच्या कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाले, "मामाजी, हिवाळी बिअर आणलीये. गव्हाची. मसाले घातलेली, वर्षातून याच दिवसांत निघते. प्यायची नाही, चाखायची."

दारूच्या बाबतीत मी अगदी कोरडवाहू माणूस. पण जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. घरात तर बाटली उघडणं शक्यच नव्हतं. आमची सौ. बचत गटाची अध्यक्ष, आणि गावाबाहेरची हातभट्टी याच गटाने बंद पाडलेली. वावर मात्र मोकळं होतं. थ्री फेज लाईन त्या आठवड्यात रात्री बाराला यायची, आणि गव्हाला एकवीस दिवस झाल्यामुळे पहिलं पाणी चुकवून चालणार नव्हतं. जावई स्वतःहून ओलिताला निघाले म्हणून सौ. इतकी हरखली, की माझा मफलर काढून तिने त्यांच्या डोक्याला बांधला.

आमचं वावर मोर्शी तालुक्यात, वर्धा नदीच्या अंगाला. नदीपलीकडे वर्धा जिल्हा, म्हणजे दारूबंदी. वारा तिकडे वाहत नाही ना, हे मी बाटली उघडण्याआधी दोनदा पाहिलं.

पहिली अडचण ग्लासाची. या बिअरला म्हणे उंच, कमरेत बारीक काचेचा ग्लास लागतो. कोठ्यात होते ते स्टीलचे तीन, साळ्याच्या लग्नातल्या आहेराचे, त्याचं नाव आणि तारीख कोरलेले. "यात रंग कसा दिसणार?" जावई कळवळले. शेवटी सालदाराने वरून बॅटरी धरली. जावयांनी बरीचशी बिअर ओतली, मग तळाशी बसलेला गाळ हलवण्यासाठी बाटली गोल गोल फिरवली आणि तोही अलगद ग्लासात सोडला. औषधाच्या बाटलीशिवाय कुठल्याही गोष्टीचा गाळ मुद्दाम हलवून पिताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सालदार वाकून बघत म्हणाला, "गढूळ हाय जी. नवीन बोअरले पयल्या दिवशी असंच पानी येते."

"गढूळच हवी. त्यात यीस्ट आहे," जावई म्हणाले आणि थेट जर्मनीत शिरले. 1516 साली बव्हेरियाच्या सरदारांनी कायदा केला, की बिअरमध्ये जव, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. गहू पावासाठी राखून ठेवायचा. मग पुढे गव्हाची बिअर गाळायची मुभा एकाच बड्या घराण्याला दिली, आणि 1602 मध्ये तो धंदा राजघराण्यानेच स्वतःकडे घेतला. हे ऐकल्यावर मात्र मला बव्हेरिया परकं वाटेना. असं आपल्या तालुक्यातही होतं.

बेल्जियमची गोष्ट मला त्याहून आवडली. होगार्डन गावात गव्हाच्या पांढऱ्या बिअरची शेवटची भट्टी 1957 मध्ये बंद पडली. काही वर्षांनी पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती बिअर पुन्हा सुरू केली, धने आणि संत्र्याची साल घालून. आमच्याकडचा दूधवाला नुसतं पाणीच घालतो.

"साल?" मी विचारलं. "संत्र्याची?"

"हो. कुरासाव बेटाच्या कडू संत्र्याची, वाळवलेली. या बाटलीतही आहे. शिवाय धने, दालचिनी, सुंठ."

मी कोठ्यामागच्या ढिगाकडे पाहिलं. आंबिया बहाराची डागी संत्री व्यापाऱ्याने बाजूला काढलेली, तिथेच सडत पडली होती. गहू समोर उभा. बांधाला सांबार, त्याचेच धने होतात. दालचिनी आणि सुंठ सोडली तर अख्खी बाटली माझ्याच सातबाऱ्यावर होती, आणि तिची चव मला पुण्याहून येऊन शिकवली जात होती.

"आता वास घ्या. काय जाणवतं?"

परीक्षेत बसल्यासारखा मी नाक आत घातलं. फेस मिशीला लागला. "केळं," मी भीत भीत म्हणालो.

"वा! मामाजी, तुम्हाला नाक आहे!" अठ्ठावन्न वर्षांनी हे कोणीतरी मान्य केलं. केळं घातलेलं नसतंच, तो वास यीस्टच तयार करतं. लवंगेचाही तसाच, हे त्यांनी सांगितलं आणि मोबाईलमध्ये लिहून घेतलं. मला जोर चढला. पुढे मी ओलं पोतं, गुळाची भेली आणि कापसाची सरकी असे तीन वास सांगितले. ते लिहून घेतले नाहीत.

घोट घेतला. आधी गार, मग आंबूसगोड, मग जिभेवर दालचिनी, आणि शेवटी घशात सुंठेचा चटका. वाईट नव्हतं, खरं सांगतो. पण आमच्या आईच्या सर्दीवरच्या काढ्यात सोडा टाकला असता तर फार फरक पडला नसता. सालदाराने तेवढाच घोट घेऊन तोंड फिरवलं. "मले तं हे इटलेलं वाटते."

"पाचपैकी किती देता मामाजी?" जावयांनी मोबाईल पुढे केला.

एवढ्यात लाईन आली. मोटार घुरघुरली, आणि वरच्या अंगाला धप्पकन आवाज आला. पाट फुटला होता. मी ग्लास ठेवून चपला काढल्या आणि त्या बर्फासारख्या पाण्यात घुसलो. चिखल उचलून भगदाडात दाबतोय, बॅटरी सालदाराकडे, तो पलीकडच्या बांधावरून ओरडतोय, "भाऊ, किती वाफे राह्यले?"

"साडेतीन!" मी ओरडलो.

मागून, कोठ्याच्या दिशेने, जावयांचा आनंदी आवाज आला, "साडेतीन? मी तीनच देणार होतो!"