जग वाचवायचं राहू दे, आधी सँडविच

रूम-पार्टनर घेताना माणसं काय विचारतात? झोपायची वेळ कोणती, अंडं चालतं का, भांडी कोण घासणार. कार्टूनमधल्या जंप सिटी नावाच्या शहरासमोरच्या बेटावर टी अक्षराच्या आकाराचा मनोरा आहे. तिथे पाच पोरं राहायला आली तेव्हा यातलं काहीच कुणी विचारलेलं नसावं. म्हणूनच २०१३ साली कार्टून नेटवर्कवर सुरू झालेली 'टीन टायटन्स गो!' ही त्यांची मालिका तीनशे भागांच्या पुढे गेली तरी तिचे विषय आटले नाहीत. खलनायक आटतात हो. सोफ्यावर कोण लोळणार हा प्रश्न आटत नाही.

मी ही मालिका सुपरहिरोंची म्हणून बघतच नाही. ती पाच जणांच्या बिऱ्हाडाची मालिका आहे. त्यातले चौघे असामान्य शक्तीचे आणि घरकामाला बाई नाही, एवढाच काय तो फरक.

पहिलाच भाग घ्या. रेव्हन ही राक्षसाची लेक. मंत्र पुटपुटला की काळी ऊर्जा सोडते, वस्तू उचलते, भिंतीतून आरपार जाते. तिला हवंय काय, तर 'प्रिटी प्रिटी पेगासस' नावाची गुलाबी घोड्यांची मालिका शांतपणे बघायला. बाकीचे चौघे गोंगाट करतात. सामान्य घरात 'ए, आवाज कमी करा' यावर भागलं असतं, फार तर उशी फेकून मारली असती. रेव्हन चौघांना एका दंतकथेतल्या सँडविचचं साहित्य आणायला दाही दिशांना पिटाळते. विश्वाचा विनाश करू शकणारी मुलगी, पण रिमोट हातात यायला महायज्ञ मांडावा लागतो.

इथेच मालिकेचं यंत्र उघडं पडतं. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की बावीस मिनिटं उरतात, त्यात दोन भाग बसवायचे. म्हणजे एकेकाच्या वाट्याला अकरा मिनिटं. पहिल्या मिनिटात कुणाला तरी क्षुल्लक काहीतरी हवं असतं. दोन मिनिटांचं काम, पण हातानं करायचं नाही असा जणू घराचा नियम. मग शक्ती वापरली जाते. पाचव्या मिनिटाच्या आसपास दोन तट पडतात, मध्येच एखादं गाणं होतं, आणि दहाव्या मिनिटाला घर, शहर किंवा मित्र यांपैकी एकाची वाट लागते. बिघडतं का, याचं कारण साधं आहे. या शक्ती लघुग्रह अडवायच्या मापाच्या आहेत. चहाचा कप उचलायला क्रेन लावली तर कप फुटणारच. पुढच्या भागात मात्र सगळं जागच्या जागी. डागडुजीचा खर्च कोण करतं हे कधीच विचारायचं नाही.

रॉबिनकडे शक्ती नाही. त्याच्याकडे पट्टा, काठी आणि शिस्त आहे. आपल्याकडे असता तर तो सोसायटीचा सेक्रेटरी झाला असता आणि लिफ्टमध्ये रोज नवी सूचना चिकटवली असती. कॉमिक्समधलं हे पात्र १९४० सालचं, म्हणजे वयाची ऐंशी कधीच ओलांडलेलं. तरी एका भागात पोरगा गाडी शिकायच्या क्लासला जातो. शिकवणारा निघतो बँक लुटणारा, आणि रॉबिन इमानेइतबारे त्याची गाडी पळवत बसतो. नियम पाळणाऱ्या माणसाला चोरानं किती सहज वापरून घ्यावं, याचं इतकं नेमकं चित्र मी मोठ्यांच्या मालिकांतही फारसं पाहिलेलं नाही.

सायबॉर्ग अर्धा यंत्र, पण भूक पूर्ण माणसाची. बीस्ट बॉय हवा तो प्राणी होऊ शकतो आणि बहुतेक वेळ सोफ्याचा भाग होतो. 'वॉफल्स' नावाच्या भागात हे दोघे जवळजवळ सगळा वेळ तो एकच शब्द बोलतात. दिवसभर एकच शब्द घोळवणारं पोर ज्यांनी घरात सोसलंय त्यांना हा भयपट वाटेल. बीस्ट बॉय नोकरीही धरतो, तीही मित्राच्या वाढदिवसाची भेट घ्यायला, मदर मे-आय या खलनायिकेच्या 'पाय' म्हणजे सारण भरलेल्या पेस्ट्रीच्या दुकानात. त्या पेस्ट्रीत गिऱ्हाईकच घातलं जातंय हे त्याला उशिरा कळतं, आणि सायबॉर्ग हे त्या दुकानाचं सगळ्यात निष्ठावंत गिऱ्हाईक.

स्टारफायर परग्रहावरची. तिचं इंग्रजी पुस्तकी, 'डोन्ट' न म्हणता 'डू नॉट' म्हणायचं आणि नको तिथे 'द' (the) हा शब्द घालायचा. मराठीत असा शब्दच नाही, त्यामुळे हा विनोद तसाच उचलून चालणार नाही. माझ्या मते तिला लिंगं चुकवायला लावावीत: 'माझा बशी फुटला', 'ती दूध सांडली'. चूक लगेच ओळखू येते आणि माणूस गोड वाटतो.

शिकवण देण्याचा प्रयत्नही मालिका करते, पण कसला? एका भागात रॉबिन घर विकत घेऊन भाड्यानं कसं द्यावं आणि भाड्यातून कर्जाचे हप्ते कसे फेडावेत हे तळमळीनं समजावतो. दुसऱ्या एका भागात इजिप्तची ममी बीस्ट बॉयला 'तू चार जण आण, ते चार जण आणतील' या साखळीत ओढते. मैत्री, धैर्य, सत्य वगैरे बाकीच्या कार्टूनांनी वाटून घेतलंय. हप्ते आणि फसव्या योजना यांच्या वाट्याला आल्या.

या मालिकेवर सगळ्यात जास्त चिडतात ते जुन्या 'टीन टायटन्स'चे चाहते. ती मालिका २००३ ते २००६, ६५ भागांची, गंभीर, आणि तिच्यात स्लेड नावाचा मुखवटाधारी शत्रू रॉबिनची झोप उडवायचा. गंमत म्हणजे नवी मालिका सुरू झाली तेव्हा पाचही मुख्य आवाज तेच होते: स्कॉट मेनव्हिल, खॅरी पेटन, टॅरा स्ट्राँग, ग्रेग साइप्स, हिन्डन वॉल्श. ज्या गळ्यातून पूर्वी शपथा निघायच्या त्यातून आता बरिटो चांगला की बर्गर हा वाद निघतो. चाहत्यांना हे सुखाचं असेल कसं?

लेखकांना ही तक्रार पाठ होती. त्यांनी 'द रिटर्न ऑफ स्लेड' असा भाग काढला. नाव वाचून लोक सरसावून बसले. स्लेडबरोबरची लढाई पडद्यावर दिसतच नाही. टायटन्स घरी येतात आणि आजवरची सर्वांत भारी लढाई झाली म्हणून फुशारक्या मारतात. भागातला उरलेला वेळ पार्टीसाठी बोलावलेल्या विदूषकात जातो. सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय यांना तो लहानपणी आठवतो तसा वाटत नाही. रेव्हन सांगते, विदूषक लहान मुलांसाठी असतो, तुम्ही मोठे झालात. त्यांना पटत नाही. ते त्याला स्वतःच्या आवडीप्रमाणे दुरुस्त करायला घेतात.

हातानं नाही, अर्थातच. यंत्रानं.