रिलेशनल म्हणजे टेबलांमधली नाती? नाही हो

परीक्षा जवळ आली तसा फोंड्या-म्हापशातल्या बीसीएच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की टेबलांची (ओळी-रकान्यांच्या तक्त्यांची) एकमेकांत नाती असतात म्हणून रिलेशनल डेटाबेस म्हणतात आणि तोच सगळ्यात जुना प्रकार. दोन्ही चूक आहे, कृपा करून असंच लिहून येऊ नका.

रिलेशन हा गणितातला शब्द, आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड या संशोधकाने १९७०च्या पेपरात तो घेतला, आणि रिलेशन म्हणजे ढोबळमानाने ते टेबलच. एकच टेबल असलं तरी ते रिलेशनच.

जुनं म्हणाल तर आयबीएमचाच आयएमएस नावाचा डेटाबेस बघा, १९६०च्या दशकात अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला बनवलेलं, ते हायरार्किकल, म्हणजे झाडासारखं, प्रत्येकाला वर एकच पालक. आता आपल्याकडचंच बघा, तालुका, खाली गाव, खाली घरमालक अशी उतरंड लावली आणि एकाच बाईचं घर म्हापशात नि काजूची बाग वाळपईत असली तर साध्या झाडात तिची नोंद दोनदा करावी लागते, मग फोन नंबर एकीकडे बदलला दुसरीकडे जुनाच, घोळ. नेटवर्क मॉडेल या दुसऱ्या जुन्या प्रकारात एका नोंदीला दोन पालक चालतात पण प्रोग्रामरला एका नोंदीतून दुसरीकडे नेणाऱ्या दुव्यांची वाट धरूनच जावं लागायचं, आणि कॉडने सोडवलं ते हेच दुखणं, बाई एका टेबलात, मालमत्ता दुसऱ्यात, जोडणी फक्त मालकाच्या क्रमांकाने, वाट डेटाबेस शोधतो.

मोंगोडीबीसारखे डॉक्युमेंटवाले डेटाबेस, म्हणजे एका गोष्टीची सगळी माहिती एकाच नोंदीत ठेवणारे, २००९च्या आसपासचे, पण एकात एक नोंदी ठेवायची त्यांची पद्धत त्या जुन्या झाडाच्याच जवळची.