चढावर गाडीची उंची नाही, टॉर्क कामाला येतो

आपल्याकडच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: ‘मराठवाड्यात स्पोर्टी हॅचबॅक घेणं म्हणजे पैसा पाण्यात. डिकीत सामान मावत नाही, घाटात दम लागतो, टर्बो उन्हात तापतो आणि गाडी खाली घासते. त्याच पैशात छोटी एसयूव्ही घ्या.’ मी तीन वर्षं आय२० एन लाइन, म्हणजे ह्युंदाईची टर्बोवाली (इंजिनात हवा दाबून भरणारी) स्पोर्टी हॅचबॅक चालवतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डिकी आय२०ची ३११ लिटर, टाटाच्या अल्ट्रोझ रेसरची ३४५. फाल्गुनात गावाकडून ज्वारीचे दोन कट्टे, तुरीच्या डाळीचा डबा आणि आईची पिशवी आणली, मागचं सीट पाडावं लागलं नाही. स्विफ्टला मात्र २६५ लिटरच मिळतात.

घाटाचं तर साफ उलटं आहे. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या चढावर पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, गाडीत चौघं, एसी चालू. माझ्या इंजिनाचा १७२ एनएम टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, १५०० आरपीएमलाच, इंजिन फार न फिरवता, हाताशी असतो. तिसऱ्या गिअरमध्येच गाडी निघून जाते. बिनटर्बो १.२ लिटरच्या छोट्या एसयूव्हीत साधारण ११५ एनएम मिळतो, तोही इंजिन बरंच फिरवल्यावर. शिवाय बुटकी गाडी वळणावर कमी कलते, मागे बसलेल्या आईला मळमळत नाही.

उन्हात हवा विरळ होते, त्यामुळे थोडी ताकद प्रत्येक इंजिनाची कमी होते. टर्बोने दाबलेली तापलेली हवा गार करायलाच इंटरकूलर असतो. समृद्धीवर तासभर १२०ने आलात तर थांबल्यावर अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवा, बस्स.

राहिलं खाली घासणं. खरी अडचण त्याच्या शेजारी आहे, ती संदेशात नाहीच: टायर. माझ्या टायरवर १९५/५५ आर १६ लिहिलंय. १९५ मिमी ही टायरची रुंदी, तिचे ५५ टक्के, म्हणजे टायरची भिंत जेमतेम १०७ मिमी. स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ची १२०. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो, कडा तुटतात. गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात माझी रिम वाकली आणि टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला. टायर बदलावाच लागला. त्यात सस्पेन्शनही कडक, खड्डा थेट कमरेला कळतो.

रोज शेतरस्त्याने जाणं असेल तर उंच गाडीच घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण लातूर-सोलापूर, बीड-संभाजीनगर असं डांबरावरचं येणं-जाणं असेल, तर घेण्याआधी घरच्या चौघांना बसवून एसी लावून चढावर टेस्ट ड्राइव्ह घ्या. शोरूमवाला सपाट रस्त्यावरच फिरवून आणतो.