नवऱ्याची सही कुठल्या कायद्यात लिहिलीय?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी मेसेज टाकला: 'भारतात गर्भपाताला नवऱ्याची सही सक्तीची. लग्न न झालेलीला परवानगीच नाही. नेपाळात कितव्याही महिन्यात करून मिळतो, बांगलादेशात तर खुली सूट.' खाली हात जोडलेले. एरवी सोडून दिलं असतं. पण रात्री इंदिरानगरहून भाचीचा फोन. "मावशी, मैत्रिणीला आठवा आठवडा लागलाय, नवरा गेल्या महिन्यात मस्कतला गेला. त्याची सही व्हॉट्सॲपवर चालेल का गं?" तो मेसेज वाचून ती मैत्रीण दहा दिवस घरात बसून होती! नवव्या आठवड्यापर्यंत गोळ्यांनी भागतं, त्यातले दहा दिवस असे गेले.

तर आधी सही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याचं कलम ३ काढून वाचा. बाई १८ पूर्ण असेल तर संमती फक्त तिची. पालकाची सही लागते ती अल्पवयीन किंवा मानसिक आजारी असेल तरच. संमतीचा छापील 'फॉर्म सी' आहे. त्यात 'अमुकची मुलगी/पत्नी' अशी जागा असते, तिथे नुसतं नाव लिहायचं. सही तिचीच.

आता खरं तेही सांगते. काउंटरवर सही मागतात. माझ्या जावेला नाशिकरोडच्या एका दवाखान्यातून "साहेबांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं होतं. ती त्यांची सवय, कायदा नव्हे.

लग्नाचं म्हणाल तर २०२१ च्या दुरुस्तीत 'पती' जाऊन 'जोडीदार' आला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंतची दारं उघडली.

नेपाळात २०१८ च्या कायद्याने १२ आठवड्यांपर्यंत बाईची इच्छा पुरते. आपल्याकडे कागदावर डॉक्टरचं मत लागतं, एवढ्यापुरता नेपाळ पुढे, मान्य. पण पुढे २८ आठवड्यांपर्यंत बलात्कार, जिवाला धोका, गर्भातलं व्यंग अशी कारणं लागतात. 'कितव्याही महिन्यात' कुठून आणलं?

बांगलादेशात तर अजून इंग्रजांची १८६० ची दंडसंहिता, कलम ३१२: जीव वाचवायला तेवढी मुभा. सुरुवातीच्या आठवड्यांत 'पाळी नियमित करणं', म्हणजे गर्भ आहे की नाही याची खात्री न करता गर्भाशय रिकामं करणं, मात्र १९७९ पासून चालतं. तीच यांची खुली सूट असावी.

काकांना फॉर्म सी पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला. मेसेज अजून तसाच आहे.